एरी कनालवरच्या तीन हाका

मंडळी, मी गाव सोडलं तेव्हा खाडीच्या जेटीवर निम्मं गाव पोचवायला आलं होतं. उरलेलं निम्मं माझ्या सामानात होतं. आईनं इतकं कोकम बांधून दिलं की फेरीबोट एका अंगाला कलली. ती एवढंच म्हणाली, "बाबल्या, पोचलास की कळव हो."

त्याला वीस वर्षं झाली. आता अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये घर, लॉन, मॉर्टगेज; पाणी म्हणाल तर बेसमेंटमध्ये शिरतं तेवढंच. म्हणून गेल्या मे महिन्यात मी आणि बायको सुनंदा एरी कनाल नावाच्या जुन्या कालव्यावर नॅरोबोट रेंट करून निघालो. बोट सुपारीच्या झाडाएवढी लांब आणि तेवढीच बारीक. झोपेत कूस बदलायची तर काठावर उतरून बदलावी लागे. वेग असा की कासवं ओव्हरटेक करून मागे वळून बघत. सकाळी गारा, दुपारी कडक ऊन.

"तुझ्या बोटीआधी मी पायी पोचते," म्हणत सुनंदा काठावरच्या वाटेनं चालू लागली. नागपूरची ती, पोहता येत नाही, पण कबूल करणार नाही.

चारला धुकं उतरलं. माझं नाक खाडीपलीकडून दिसतं अशी ख्याती, पण ते मलाच दिसेना. मी इंजिन बंद केलं. पाणी बर्फासारखं, आणि त्याच्या काठावर कुठंतरी सुनंदा.

"बाबल्या!"

चिडली की सुनंदा मला याच नावानं बोलावते, सासूकडून शिकलेली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आईचा नियम: असल्या वेळी पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस तिसरी हाक मारतं, दुसरं जे काही असेल ते मारत नाही. अरे, ही अमेरिका आहे, मी स्वतःला म्हटलं. पण जीभ कोकणातली.

"बाबल्या!" या वेळी जवळून. मी मोजली: दोन.

मग लांबून, घाबरलेली, माझं खरं नाव घेऊन: "मोहन!"

"ओ!" मी ओरडलो, हॉर्न दाबून धरला. थोड्या वेळानं सुनंदा धुक्यातून आली.

"एक पाय पाण्यावर होता माझा. तुझी ओ आली म्हणून मागे घेतला."

"मग तिसऱ्या हाकेपर्यंत थांबलीस कशाला?"

"तिसऱ्या? मी एकदाच हाक मारली यार. मोहन म्हणून."

पहिल्या दोन्ही हाका काठाकडून नव्हत्या, पाण्याकडून होत्या, हे मला तेव्हा उमगलं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिकीट मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिनंच शिकवलेला नियम पाळून मी तिलाच ओ दिली नव्हती.

मी मागच्या टोकाला जाऊन धुक्यात ओरडलो, "ओ, आई!" पाणी हललंसुद्धा नाही.

हल्ली फ्रिज घुरघुरला तरी मी ओ देतो. लेक म्हणते, "बाबा, नोबडी कॉल्ड यू." नसेल मारली हाक. पण गावचं घर बंद आहे, इथलं बँकेचं; माझं घर म्हणाल तर जिथं मी पहिल्याच हाकेला ओ देतो ते. आईच्या दोन हाका अजून माझ्याकडे पडून आहेत.