मनोऱ्याची वरची खोली

कुठलीही इमारत तपासायला आल्या की मॅडम आधी चपला काढायच्या. अनवाणी उभ्या राहून अंगठ्यानं माती दाबायच्या. आम्ही माना वर करून बघत असलो की म्हणायच्या, "वर काय पाहून राह्यले? खाली पाहा."

इंजिनिअरिंग कॉलेजात माती हाच विषय शिकवून त्या निवृत्त झालेल्या. हिंगणघाटला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या जुन्या जिनिंग गिरणीचा विटांचा मनोरा आहे. तेव्हा त्याच्या माथ्यावर घड्याळाची खोली होती. पायथ्याशी अंगणवाडी. मनोरा भूकंपात धोक्याचा म्हणून नगरपालिकेत पाडायचं घाटत होतं, तेव्हा आम्हीच मॅडमना गाठलं. तुम्हीही अशा वेळी आपल्या बाजूनं बोलणारं माणूसच शोधलं असतं.

त्यांनी वर कंपनं मोजायचं यंत्र ठेवलं आणि नेमकी वरात आली. डीजेनं घराघराच्या काचा थरथरल्या. माझा शेजारी खूश.

"पाहा मॅडम, मनोरा ढिम्म! भूकंप काय करन त्याले?"

"डीजे खिडकीचा दुश्मन हाय, भाऊ. उंच मनोऱ्याले हळू झोका लागते. अन् हे नदीकाठची नरम माती भूकंपात तसाच हळू झोका देते. झुल्यावरच्या पोराले बरोबर येळेवर ढकललं का झुला चढतच जाते ना? खाली खडक असता तर मी गप्प बसली असती."

मग निकाल दिला. "वरची खोली उतरवा. बुटका झाला का त्याचा झोका मातीशी जुळणार नाई. खाली लेकरं बसतात."

आमची तोंडं उतरली. त्या खोलीसाठीच तर भांडत होतो! काम चालू असेपर्यंत गल्लीत त्यांना कोणी चहा विचारला नाही. त्या घरून थर्मास आणायच्या आणि आम्हालाच पाजायच्या. "रुसा, पण चहा घ्या."

घड्याळ खाली आलं तेव्हा मात्र त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मलेही आवडे," म्हणाल्या. माझा राग तिथंच संपला.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी जमीन जराशी हलली. भांडी वाजली, अंगणवाडीच्या ताई पोरं घेऊन बाहेर धावल्या. मनोरा जागच्या जागी. मी मोठ्या उत्साहानं मॅडमना फोन लावला. मुलानं उचलला. आई उन्हाळ्यातच गेली, म्हणाला. मग त्यानं विचारलं, "काकाजी, मनोरा?"

"उभा हाय. तुह्या आईनं राखला."

खरं तर एवढ्याशा धक्क्यानं वरची खोलीसुद्धा पडली नसती. मॅडम असत्या तर फोन हिसकावून त्यांनी मला चांगलं झापलं असतं. त्या दुपारी मला ते झापणं फार हवं होतं.