दोन साखळ्या, दोन कुलुपं

शिंपीकाकांच्या सायकलची आधी घंटी गेली, मग पंप, आणि एके दिवशी दुकानासमोरून सीटही. त्या संध्याकाळी ते घरापर्यंत उभ्यानं पेडल मारत आले. गल्लीला वाटलं, काकांना या वयात शर्यतीचं खूळ लागलं. नव्या सीटसकट सगळ्या सायकलला त्यांनी जाड कापडाचा अंगरखा शिवला. खाली हुक, वर बटणं, हँडलला नाड्या. बटणं काढता काढता चोराला घाम फुटावा, हा हेतू. घाम रोज सकाळी काकांनाच फुटे.

मग खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांनी युक्ती काढली. एकटी सायकल कुणीही उचलेल. दोन जोडून बांधल्या, तर चोराला भाऊ सोबत आणावा लागेल. तेव्हापासून जिन्याखाली दोन्ही सायकलींच्या चाकांतून आधी काकांची साखळी जाई, त्यावरून कंपाउंडरांची. दोन्ही कुलुपं उघडल्याखेरीज एकही सायकल हलणार नाही. सकाळी दोघं बरोबरच निघत. बरं चाललं होतं.

बिनसलं ते अंगरख्यावरून. एवढं नटवलंय तर कुशीत घेऊनच झोपा, असं कंपाउंडर चारचौघांत म्हणाले. काकांच्या शिवणीला आजवर कुणी हसलं नव्हतं. त्यांनी बोलणं टाकलं. कंपाउंडरही काही कमी नव्हते. आता कुलूप उघडायचं तर आधी तोंड उघडायला हवं, आणि ते कुणी उघडायचं? दोघंही पायी जाऊ लागले. एकाच वेळी, एकाच रस्त्यानं, मध्ये सायकलीएवढं अंतर ठेवून. काकांच्या टाचा भरून आल्या. तेल चोळताना काकू म्हणाल्या, "भांडण कुणाशी आहे, ते पायांना तरी सांगा."

सुट्टीच्या सकाळी काका सायकल पुसायला उतरले. त्यात त्यांनी खंड पाडला नव्हता. कंपाउंडरांचीही पुसत, जरा हात राखून. जिन्याखाली नुसती भिंत होती. काका मटकन पायरीवर बसले. तेवढ्यात कंपाउंडर बाहेर आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"तुमचीही गेली हो," काका म्हणाले.

कंपाउंडर शेजारी बसले. अंगरखा अंगावर होता का, एवढंच त्यांनी विचारलं. काकांनी मान डोलावली.

"मग थंडी तरी वाजणार नाही तिला," कंपाउंडर म्हणाले. या वेळी काकांना राग आला नाही.

दोघं चौकीवर जायला उठतात तोच गल्लीच्या तोंडाशी हसण्याचा आवाज आला. पुढे काकू, मागे कंपाउंडरांची बायको, दोघींच्या सायकलींच्या हँडलला भाजीच्या पिशव्या. किल्ल्या दोन्ही घरी खुंटीवरच होत्या, आणि बायकांनी काही बोलणं टाकलं नव्हतं.

"आधी तुम्ही बोललात," कंपाउंडर हळूच म्हणाले.

"बोललो कुठं? बातमी दिली."

काकूंनी सायकली भिंतीला लावल्या, दोन्ही साखळ्या घातल्या आणि दोन्ही किल्ल्या कमरेला खोचल्या.

"उद्यापासून माझ्याकडे मागायच्या," त्या म्हणाल्या. "दोघांनी मिळून. तोंडानं."