चुकायला बसवलेली मुलगी

आदर्श पाठात एखाद्या मुलाला चुकावं लागतं. प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही, पण पाहुण्यांसमोर पाठ घेतलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. सगळ्या पोरांनी धडाधड बरोबर उत्तरं दिली की बघणाऱ्याला वाटतं, हे घोकून घेतलंय. म्हणून एकानं चुकायचं, गटातल्या दुसऱ्यानं ‘असं नाही, असं’ म्हणत समजावून द्यायचं, आणि मग चुकलेल्याच्या डोक्यात उजेड पडायचा. लोक तो उजेड बघायला येतात.

माझा पाठ वजाबाकीचा होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या सारख्या तोडायच्या, दहा-दहांचे गठ्ठे करून रबर लावायचं. बेचाळीसमधून सतरा काढायचे. दोनातून सात जात नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा. फळ्यावर महिनाभर डोकं फोडून जे कळत नाही ते हाताला लगेच कळतं. पद्धत खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन.

भोकरदन तालुक्यातली आमची शाळा दोन शिक्षकांची. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. केंद्रातले शिक्षक पहिल्यांदा पाठ बघायला आले तेव्हा मी चुकण्यासाठी खरोखरच्या कच्च्या मुलाला पुढं बसवलं होतं. तो चुकला आणि चुकतच राहिला, शेवटी पाहुण्यांसमोर रडला. त्या दिवशी मला समजलं की या कामाला हुशार पोर लागतं. उत्तर येणारं, नेमकी चूक करता येणारं आणि कुठं थांबायचं ते कळणारं.

वर्गात अशी एकच होती. वडील मेंढरं राखायचे, मेंढरं कमी झाल्यावर मजुरीला जायचे. तिला मी बाजूला घेऊन समजावलं तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणाली, “म्हंजे सातातून दोन काढायचे ना सर? मोठ्यातून ल्हान. मंग पस्तीस येतात.” आणि हसली. पाहुण्यांसमोर मात्र हसली नाही. ओठावर बोट ठेवून काड्यांकडं बघत राहिली, हळूच ‘पस्तीस’ म्हणाली, आणि शेजारणीनं गठ्ठा सोडून दाखवल्यावर तिचे डोळे असे मोठे झाले की एक मॅडम खाली वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

पाहुणे गेल्यावर मी तिला सांगितलं, “हे घरी बोलायचं नाही बरं.”

“न्हाई बोलत सर.”

ती खरंच कधी बोलली नाही.

पुढं त्या पाठाचा व्हिडिओ शिक्षकांच्या मोबाईलवर फिरला. आज या केंद्राचे, उद्या त्या तालुक्याचे, असे लोक येत राहिले. मी एकदा म्हणून बघितलं, या वेळी भाषेचा पाठ घेऊ का. केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, “नको नको, तोच घ्या. वजाबाकीचा.” खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं. इतकी वर्षं नोकरी केली, कुणी माझा वर्ग बघायला आलं नव्हतं. पोरगी तिसरीतून चौथीत गेली, पाठ तोच राहिला. पाहुण्यांना कोण कितवीत हे कुठं कळतं? पोरांनी तिचं नाव ‘पस्तीस’ पाडलं. ‘ए पस्तीस, तुझ्यावर डाव आला.’ मी ते व्हरांड्यात उभा राहून ऐकायचो आणि आत निघून जायचो.

एका भेटीला साहेबांनी पालकही बोलावले. तिचे वडील मागं सतरंजीवर बसून सगळं बघत होते.

चौथी संपत आली तेव्हा कळलं, ते तिला पाचवीला पाठवणार नाहीत. आमच्याकडं चौथीपर्यंतच वर्ग, पुढं पिंपळगाव रेणुकाईला जावं लागतं. मी त्यांच्या घरी गेलो. ते वाघूर दुरुस्त करत बसले होते, मेंढरं कोंडायची ती जाळी.

“कशाला पाठवू सर?” ते म्हणाले. “चौथीत असून बेचाळीसातून सतरा जमंना तिला. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पर मला तिथल्या तिथं आल्तं. इतक्या साहेबलोकांम्होरं मान खाली गेली माझी.”

“भाऊ, ती चुकत नाही. मीच तिला चुकायला सांगतो.”

ते हसले. “राहू द्या सर. मनाचे चांगले हायेत तुम्ही. पोरीपायी सोताच्या अंगावर घेऊन राह्यले.”

“खरंच सांगतो.”

त्यांनी तिला हाक मारली. “काय गं माय, सर म्हणतात तुला चुकायचं शिकवलं त्याह्यनी. खरंय का?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “न्हाई,” म्हणाली.

“मंग सांग, बेचाळीसातून सतरा गेले?”

तिनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. बोट ओठावर गेलं.

“पस्तीस.”

समोर मोठं माणूस बसलेलं, बाजूला मी उभा. तिच्या लेखी तो पाठच चालू होता. मी ‘आता खरं सांग’ म्हणालो असतो तरी तिला ते पाठातलंच वाटलं असतं. मी इथून हलल्याशिवाय हिच्या तोंडून उत्तर निघायचं नाही, हे कळायला मला फार वेळ लागला.

“मी बाहेर थांबतो,” मी म्हणालो. “तुम्ही तुमच्या हिशोबानं विचारा.”

गाडीपाशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो. आधी काहीच ऐकू येईना. मग त्यांचा आवाज आला, इतकी मेंढरं, त्यातली इतकी इकली, राह्यली किती. तिचा आवाज बारीक होता. मग त्यांचे प्रश्न भराभर यायला लागले, आणि तिची उत्तरं त्याहून भराभर.

ते बाहेर आले. “बराबर येतंय की सगळं.” मग म्हणाले, “कवापासून चालू हाये हे?”

“तिसरीपासून.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “पाचवीला धाडतो तिला,” म्हणाले. “तवर येईल शाळेत. पर पाव्हणे येतेत त्या दिवशी न्हाई यायची.”

मी मान हलवली.

पुढची भेट आधीच ठरली होती. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि ते मी एका बापाला सोडून तोवर कुणालाच सांगू शकलो नव्हतो. भेटीच्या सकाळी मी गठ्ठे बांधत बसलो. तिची जागा रिकामी होती. तिच्या गटातली शेजारीण जवळ आली, इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “सर, ती आली न्हाई. आज मी चुकू का?”

पाहुण्यांची जीप मैदानात वळत होती. मी हो म्हणालो. ती पळत जाऊन जागेवर बसली. फार खूश दिसत होती.