कपाटं हुंगणाऱ्या पाटीलबाई

पाटीलबाई कपाट बघायच्या नाहीत, हुंगायच्या. पहिल्यांदा उद्यमनगरात माझ्या शेडमध्ये आल्या तेव्हा नव्या कपाटाचं दार उघडून थेट डोकंच आत घातलं. मला वाटलं, बाईंना चक्कर आली.

"मेस्त्री, वास येतोय ह्याला."

"रंगाचा येणारच की. पत्र्याचं कपाट हाय बाई, मोगऱ्याचं झाड न्हाय."

बाई म्युझियममध्ये जुन्या वस्तू जपायच्या कामावर होत्या. मातीतनं निघालेली शिशाची नाणी ठेवायला त्यांना बारा कपाटं पाहिजे होती. मी चौथी नापास, पण आजवर माझं एकही कपाट परत आलेलं नाही. बाई म्हणायच्या, रंग भट्टीत नीट न भाजता कच्चा राहिला की बंद दाराआड वाफ सुटते आणि शिशाला खाते. "दोन हजार वर्षं मातीनं सांभाळलंय मेस्त्री, तुमचं कपाट दोन वर्षांत खाईल."

वासाचंच दुखणं ना? मी खणाखणात डांबरगोळ्या टाकल्या आणि बाईंना बोलावलं. डोकं आत घालताच त्यांना सात शिंका आल्या. "अहो, एक पावणा घालवा म्हटलं, तर तुम्ही दुसरा आणून बसवला!" म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

मग त्यांनी काचेच्या दोन बरण्या मांडल्या. एकीत माझ्या रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा आणि चकचकीत शिसं, दुसरीत नुसतं शिसं. दोन्हींत थोडं पाणी, झाकण घट्ट, महिनाभर उबेला.

मी म्हटलं, "शिसं बिघडलं तर बाराच्या बारा परत भाजून देतो. न्हाय बिघडलं तर म्युझियमच्या दारात उभं राहून म्हणायचं, मेस्त्री बरोबर होता."

"हलगी लावून म्हणते की!"

महिन्यानं बरण्या उघडल्या. नुसतं शिसं होतं तसंच. माझ्या पत्र्याशेजारचं मात्र ज्वारीच्या पिठात लोळवल्यासारखं पांढरं. बाई टोचून बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी चहा मागवला. तेव्हा मीच कबूल केलं, मी भट्टी डोळ्यानं चालवतो. रंग चकाकला की पत्रा बाहेर.

"भाकरी फुगली म्हणजे आतनं भाजली असं न्हाय, मेस्त्री."

मग बारा कपाटांचे पत्रे आम्ही घड्याळ लावून भाजले. बाई भट्टीसमोर घाम पुसत उभ्या. नवी बरणी महिनाभर ठेवली. शिसं लख्ख राहिलं. बाईंनी टाळी वाजवली, मी मिशी पिळली.

माझ्या प्रत्येक कपाटावर माझ्या नावाची पट्टी असते. बाई म्हणाल्या, "लावा की नाव, मानानं लावा."

मी पट्टी हातात घेतली आणि थांबलो. "मागं गोंद हाय बाई. त्याचं काय?"

"त्याची बरणी लावावी लागंल. आणखी महिना."

तिकडं म्युझियममध्ये नाणी कागदात गुंडाळून टेबलावर वाट बघत होती. मी पट्टी खिशात टाकली.

बाई आता निवृत्त होऊन लेकीकडं असतात. म्युझियममधली ती बारा कपाटं अजून बिननावाची आहेत. कुणाची म्हणून तिथं विचारू नका. मला विचारा.