पोहे कुठले?

कुठलीही वस्तू कुठून निघाली आणि कोणाच्या हातून आली हे कळल्याशिवाय तिच्याकडे ढुंकूनही न बघणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला घाटकोपरला. उभी नोकरी साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली, म्हणजे आलेला प्रत्येक सुटा भाग अस्सल की डुप्लिकेट हे तपासायचं आणि मगच आत घ्यायचा. निवृत्त झाले, कारखाना सुटला, पण ती नजर काही सुटली नाही. घरात भाजीची पिशवी आली तरी चष्मा कपाळावर चढवून आधी तिला नीट न्याहाळतात आणि शांतपणे विचारतात, "हे आलं कुठून?"

बोंबील खायची इच्छा झाली की हा गृहस्थ सकाळी उठून दोन बस बदलतो, वर्सोव्याहून होडीनं मढला जातो, डोळ्यांदेखत होडीतून उतरलेले बोंबील घेतो आणि तसाच उलटा येतो. घरी पोचेपर्यंत दुपार. मे महिना असला तर बोंबलांची अवस्था बघवत नाही. त्यांची बायको, जिला मी ताई म्हणतो, ती एकदा वैतागून म्हणाली, "आपल्या मार्केटात याहून ताजे मिळतात हो." त्यावर हे म्हणाले, "मिळत असतील. पण ते कुठले, हे ठाऊक आहे का तुला?" एका लग्नात तर श्रीखंड वाढणाऱ्याला यांनी चक्का कुठला म्हणून विचारलं. तो बिचारा म्हणाला, "आतून आणला, काका." साडू ताटावरून उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा पंगत उठली होती, पण डेअरीचा पत्ता त्यांच्या डायरीत होता.

मी याच्या बरोबर उलटा. समोर येईल ते घ्यावं आणि सुखी राहावं, या मताचा. या मताची किंमत मला गेल्या वर्षी कळली. आमच्या लेकीची कंपनी बंद पडून सात महिने झाले होते. सात महिने पोरगी मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मोबाइल बघत बसलेली. शेवटी एका ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. दुपारी चार वाजता परीक्षा, कॅमेरा लावून, आणि तीही तिनं नोंदवलेल्या लॅपटॉपवरच. दुसऱ्याचा चालणार नव्हता. सकाळी ती सहज म्हणाली की वाय-फाय मधेमधे तुटतंय. झालं. ती आंघोळीला गेली आणि मी एक व्हिडिओ लावला. व्हिडिओवाला म्हणाला, वाय-फायचं कार्ड चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो, तो काढून टाका, मशीन बंद करून चालू करा, आपोआप परत येतो. मी काढला. खाली एक रिकामा चौकोन होता, त्यावरही खूण केली. पस्तीस वर्षं कारकुनी केलेली, चौकोन रिकामा सोडवत नाही. त्या खुणेचा अर्थ होता, कायमचा पुसून टाक.

मग मोबाइलवर शोधलं तर ड्रायव्हर फुकट देणाऱ्यांची ही झुंबड. मी सगळ्यात वरच्या साइटचं, सगळ्यात मोठं हिरवं बटण दाबलं आणि आलं ते वायरीनं लॅपटॉपमध्ये सरकवलं. वाय-फाय आलं नाहीच, उलट लाल अक्षरांत तुमच्या मशीनमध्ये दोनशे दोष आहेत अशी बोंब सुरू झाली. मोबाइलचं इंटरनेट वायरीनं द्यावं तर परीक्षेचा प्रोग्राम मोबाइल जोडलेला दिसला की उघडतच नव्हता. लेक भिंतीकडे तोंड करून बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "राहू दे बाबा," एवढंच म्हणाली. मी साडूंना फोन लावला.

दीड वाजता आले. कापडी पिशवीत भिंग, डायरी आणि पेनड्राइव्ह. लाल अक्षरांकडे बोट करून म्हणाले, "हे आलं कुठून?"

"नेटवरून."

"नेट म्हणजे रस्ता झाला. रस्त्यावर कोणाच्या हातून घेतलंस?"

त्यांनी आधी ते लाल प्रकरण मुळासकट काढलं. मग लॅपटॉप पालथा घालून भिंगानं चिकटवलेल्या लेबलवरचा नंबर वाचला आणि एकेक अक्षर डायरीत उतरवलं. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर टाकायचा, एवढंच बाकी होतं, पण ऐकतील तर साडू कसले. "लॅपटॉपवाले नुसते जोडतात रे. कार्ड बनवणारा वेगळा. आपण त्याच्या दारात जायचं." गेलो. तिथला ड्रायव्हर मोबाइलवर उतरवून घातला, मशीन म्हणालं हा मला चालत नाही. दुसरा घातला, तोही नाही. तीन वाजून वीस मिनिटं झाली. तेव्हा लेक हळूच म्हणाली, "काका, लॅपटॉपवाल्यांच्याच साइटवर बघू या ना?"

बोंबलासाठी मढ गाठणारा माणूस, त्याला हे किती जड गेलं असेल ते मी जाणतो. त्यांनी चष्मा पुसला आणि डायरी तिच्यापुढे सरकवली. "बघ बाई. त्यांनी जुळवलंय, काय कशाला चालतं ते त्यांनाच ठाऊक असणार." नंबर टाकल्यावर यादी आली, यादीत वायरलेसची ओळ होती. उतरवला, पेनड्राइव्हनं घातला, मशीन बंद करून चालू केलं. कोपऱ्यात वाय-फायची खूण उगवली तेव्हा चारला दहा कमी होते. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

तिनं दार लावून घेतलं आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. साडू दोन कप चहा प्यायले आणि पावडर कुठली हे विचारलं नाही. साडेपाचला लेक हसत बाहेर आली. नोकरी लागल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं, पण माझ्या छातीवरचा धोंडा त्या हसण्यानंच उतरला. त्या हलकेपणात मी त्यांना बसस्टॉपवर सोडायला गेलो आणि सव्वीस वर्षं मनात असलेलं विचारून टाकलं.

आम्ही बुलढाण्याकडचे, बौद्ध. सासरचे मुलुंडचे जुने रहिवासी. मी लग्नाचं बोलायला गेलो तेव्हा त्या दिवाणखान्यातल्या प्रत्येकानं मला विचारलं, तुम्ही कुठले? मग आडनाव. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला. प्रश्न असा गोड आवाजात जवळजवळ येत होता आणि मला घाम फुटला होता. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले थोरले जावई बशी उचलून म्हणाले, "आई, हे पोहे कुठले?" सासूबाई दुकानाचं नाव सांगू लागल्या, मग पेणचे का नागोठण्याचे यावर वाद लागला आणि माझा विषय मागे पडला तो पडलाच.

"तुम्ही जगातल्या प्रत्येक गोष्टीचं विचारता," मी म्हणालो, "मला एकदाही नाही विचारलंत."

"तुझं काय विचारायचं?" साडू बस येते का ते बघत म्हणाले. "तू समोर बसला होतास ना."

बस आली. कापडी पिशवी सांभाळत ते चढले आणि खिडकीतून, आता घरी जा, अशी खूण केली. मी मात्र बस वळेपर्यंत तिथेच उभा होतो. पोहे खरंच बघायचे होते की मला सोडवायचं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं. सासूबाई आता नाहीत आणि त्या दिवाणखान्यातले बरेचसे नाहीत. साडूंना विचारावं, तर ते पोह्यांच्या दुकानाचं नाव तेवढं सांगतील.