आईनं अंगणात पाडलेले रंगीत ब्लॉक

माझी आई सिमेंटनं मेली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं, म्हणून हे एकदाच सगळ्यांसमोर लिहिते.

तेराव्याला मांडवात बसून आमचे धाकटे काका म्हणाले होते, "वैनीला त्या सिमेंटनंच खाल्लं. माझं कुणी ऐकलं न्हाई."

तिला बीपी होता. गोळ्या चुकवायची. एका सकाळी डोक्यातली नस फुटली आणि अंबाजोगाईला पोचेपर्यंत संपलं.

डॉक्टरांनी हे काकांसमोरच सांगितलं होतं. पण बाईनं सिमेंटमध्ये हात घातला, तर दोष सिमेंटलाच द्यायचा असतो ना.

आमचे आण्णा गवंडी. युसूफ वडगावातली निम्मी घरं त्यांच्या हातची.

एका स्लॅबच्या कामावर ते परांचीवरून खाली पडले. कंबर गेली. अंगणातल्या बाजेवर पडून राहायचे, तोंड भिंतीकडे. कुणाशी बोलायचे नाहीत.

आईनं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. प्लास्टिकच्या साच्यात बागेतले रंगीत पेव्हर ब्लॉक कसे बनवायचे.

आठ दिवसांत साचे घरात. कुणाला विचारलं नाही.

काका आले. "माणूस बाजेवर पडलाय अन् वैनी, तुमाला रंग सुचतेत?"

"त्यांच्यासमोरच करते की, भाऊजी," आई म्हणाली. "चुकले तर सांगतेल."

पहिला माल पार वाया गेला. साच्याला आतून तेल लावायचं राहिलं. निम्मे ब्लॉक निघेनात. निघाले त्यांचा लाल रंग हाताला लागत होता. उन्हात वाळत ठेवले तर कडा झडल्या.

आई लाल हात घेऊन अंगणात उभी. आण्णांनी मान वळवली, बघितलं आणि हसले.

पडल्यापासून पहिल्यांदा हसले हो ते!

"अगं, कावून उन्हात वाळवती? पापड हायेत का? सिमेंटला पाणी लागतं. ओल्या गोणपाटाखाली ठेव."

त्या दिवसापासून बाजेवरून शाळा सुरू झाली.

आधी साच्यात रंगीत मालाचा पातळ थर. त्यावर बारीक खडीचा साधा माल. पाणी कमी. मग साचा हलवून आतली हवा काढायची. एक रात्र तसाच ठेवायचा.

साचे हाताने हलवून आईचे खांदे भरून यायचे. केजला गॅरेज असलेल्या रफिकमामूंनी भंगारातल्या वॉशिंग मशीनची मोटर लावून तिला थरथरणारं टेबल करून दिलं.

"ताई, शॉक बसला तर मला शिव्या देऊ नका," म्हणाले.

"जिवंत राहिले तर देईन," आई.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की काका गल्लीत बोलायचे, "लोकांना प्यायला पाणी न्हाई अन् ही दगडाला पाजती!"

आई आमच्या सगळ्यांच्या आंघोळी एका मोठ्या टबात बसवून करून घ्यायची. साबण नंतर, आधी नुसतं पाणी. ते पाणी गोणपाटावर. टँकरचं ताजं पाणी तिनं थेंबभरही ब्लॉकवर टाकलं नाही. काकांना हे माहीत होतं.

मग गावातल्या मुलींच्या शाळेचं काम निघालं. बागेतून वर्गांपर्यंत वाट करायची होती. आईनं मागितलं.

हेडमास्तर चांगला माणूस, पण घाबरला. "घरी बनवलेले ब्लॉक आहेत, बाई. फुटले तर मला जाब विचारतील."

आई म्हणाली, "दहा फूट अंथरून देते. वरून उसाचा ट्रॅक्टर घाला. मग ठरवा."

आणि ट्रॅक्टर मागायला गेली कुणाकडे? काकांकडे!

काका भरली ट्रॉली घेऊन हसत हसत आले. अर्धं गाव शाळेच्या मैदानात. मी आईचा हात धरला होता.

ट्रॅक्टर गेला. ट्रॉली गेली.

एक पिवळा ब्लॉक मधोमध चिरला.

"फुटला!" काका ओरडले. "बघा, म्हणलं न्हवतं?"

आईनं खाली बसून दोन्ही तुकडे उचलले. नीट बघितले.

"ह्यो माझ्या चुकीनं फुटला. सकाळी भरला अन् संध्याकाळीच साच्यातनं काढला. मला घाई झालती." मग उभी राहिली. "आता बाकीचे बघा, मास्तर. हात लावून बघा."

हेडमास्तरांनी गुडघ्यावर बसून एकेक बघितला. एकालाही चीर नव्हती.

"चूक कबूल करणाऱ्या माणसाला काम द्यायला मला भीती नाही," ते म्हणाले.

रंग मुलींनी निवडले. लाल आणि पिवळा. आईला हिरवा हवा होता. पोरी ऐकेनात. आई लई खूश झाली होती त्यावर.

हात फुटायचे तिचे, खोटं सांगणार नाही. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या. हातमोजे आणून दिले तर म्हणायची, मालाचा अंदाज येत नाही. त्यावरून आम्ही भांडायचो. ते भांडण मी हरले.

पण तेच हात बघून आण्णा बाजेवरून उठून काठी धरून साच्यांपर्यंत चालत आले. हेही लिहून ठेवा.

आज वर्षश्राद्धाला काका पुन्हा म्हणाले, "ते साचे आता भंगारात द्या. पोरीच्या जातीला कशाला हा ताप?"

सगळे पाहुणे बसले होते. मी जेवण वाढता वाढता थांबले.

"काका, शाळेच्या नळापर्यंतची वाट राहिलीय. सोमवारी माल भरतेय मी. यायचं असेल तर खडी चाळायला या."

आण्णा म्हणाले, "मला भाजी वाढ गं थोडी."

आई, सोमवारचं पहिलं घमेलं तुझ्या नावानं.

हातमोजे मात्र मी घालणार आहे.

तुझ्या लेकीचा नमस्कार घे.