धाकटीचा फिजिक्सचा पेपर

माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टर व्हायचं होतं आणि माझ्या अतिशहाणपणामुळे ते राहून गेलं. हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. वडिलांची गिरणी संपानंतर बंदच पडली आणि ते कांजूरमार्गला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करत होतो, डोक्यात हवा गेलेली. ती बारावीला. मेडिकलचा प्रवेश तेव्हा बोर्डाच्या मार्कांवर व्हायचा. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर लागला, दुसरीकडची फी आम्हाला झेपणारी नव्हती.

तिच्या मैत्रिणी पाठ्यपुस्तकातली डेरिव्हेशन्स ओळ न् ओळ घोकत होत्या. माझं डोकंच फिरायचं. "कसली पोपटपंची लावलीय? इकडे बस," म्हणालो आणि माझी कॉलेजची जाडजूड पुस्तकं तिच्यापुढे टाकली. पोरगी जात्याच हुशार. माझ्या वर्गातल्यांना सुटत नव्हती ती गणितं ती दिवाळीपर्यंत सोडवायला लागली. मी मित्रांत फुशारक्या मारत फिरायचो. आई एकदाच म्हणाली, "तिका तिच्या मनान अभ्यास करूक दी रे." मी कसला ऐकतोय.

पेपर सुटला की प्रश्नपत्रिका घेऊन बसायची आमच्या घरची पद्धत होती. एकेका प्रश्नावर बोट ठेवून मी विचारायचो, "हे कसं लिहिलंस?" फिजिक्सला वर्तुळाकार गतीचं डेरिव्हेशन आलं होतं. पुस्तकात ते आकृती काढून पानभर दिलेलं. तिनं कॅल्क्युलस लावून चार ओळींत उडवलं होतं. पुढच्या दोन प्रश्नांतही तोच प्रकार. झकास, म्हणालो मी, आणि तिची पाठ थोपटली.

निकालात केमिस्ट्री, बायोलॉजी उत्तम. फिजिक्सनं वाट लावली. तिच्या कॉलेजचे सर मला समजावत म्हणाले, बोर्डात आकृतीला मार्क, व्याख्येला मार्क, पायरीपायरीला मार्क असतात, नुसतं शेवटचं सूत्र बरोबर येऊन भागत नाही. प्रवेश तीन मार्कांनी हुकला. वडील यादी बघून आले आणि गणवेश न उतरवताच खाटेवर बसून राहिले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

ती बी.एस्सी.चा फॉर्म भरत होती तेव्हा मला रडू आवरेना. म्हणालो, "चुकलं गं माझं. पुस्तकातलं तुला कधी वाचूच दिलं नाही."

"वाचलं होतं रे दादा. तू कॉलेजला गेलास की पाठ करायचे. सगळं येत होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

तिनं फॉर्मवरून मान वर केली नाही. म्हणाली, "घरी आल्यावर तू विचारणार होतास ना. तुला वाईट वाटलं असतं."